कुलूप कुठे लावायचं? मोफत ॲप आणि वर्गणी: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांतले बहुतेक प्रश्न एकाच जागी येऊन अडतात: ॲप लोक वापरतात, पण पैसे भरत नाहीत. ॲपचा जो भाग पैसे भरल्याशिवाय उघडत नाही, त्याला इथे ‘कुलूप लावलेला’ म्हटलं आहे. त्यातले सहा निवडून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: केळी उत्पादकांसाठी आमचं ॲप आहे. रोजचे भाव, हवामान, खतांचं वेळापत्रक आणि बागेचा हिशेब असं त्यात आहे. सहा हजारांवर डाउनलोड झाले. ३९९ रुपयांची वार्षिक वर्गणी ठेवून भावाच्या पानाला कुलूप लावलं, तर चार महिन्यांत अकरा जणांनी पैसे भरले. किंमत कमी करावी का? (रावेर तालुका)

किमतीला एवढ्यात हात लावू नका. आधी मोजा.

सहा हजार हा आकडा विसरा. डाउनलोड म्हणजे दुकानासमोरून गेलेली माणसं. त्यांच्यापैकी किती जणांनी ॲप पुन्हा उघडलं, किती जणांनी स्वतःच्या बागेची नोंद केली, किती जणांसमोर पैसे मागणारं पान आलं, किती जणांनी ‘पैसे भरा’ दाबलं आणि किती जणांचं पेमेंट पूर्ण झालं, हे पाच आकडे काढा. समजा, ते पान १४० जणांनीच पाहिलं, वीस जणांनी बटण दाबलं आणि अकरा जणांनी पैसे भरले. मग शंभरातले आठ जण पैसे देतात, म्हणजे ॲपचं बरं चाललंय. अडचण एवढीच की त्या पानापर्यंत कोणी पोहोचत नाही. तेच पान दोन हजार जणांनी पाहून अकराच आले असतील, तर कुलूप चुकीच्या दाराला आहे. आणि बटण दाबलेल्या वीसपैकी नऊ जण पेमेंटमध्येच गळाले असतील, तर तो दोष तिसराच. त्याचं उत्तर धुळ्याच्या प्रश्नात खाली आहे. तिन्हींवर ‘किंमत कमी करा’ हा एकच उपाय चालत नाही.

तुमचं कुलूप चुकीच्या दाराला आहे, हे मात्र आकडे न बघताही सांगता येतं. नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी या केळीच्या प्रतवारीचे भाव गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात, बऱ्हाणपूरच्या लिलावाचे आकडेही येतात. जे फुकट हातात पडतं त्याचे पैसे कोण देणार? भाव मोफतच ठेवा. त्याच्यासाठीच माणूस रोज सकाळी ॲप उघडतो, आणि रोज उघडणारा माणूसच पुढे कधीतरी वर्गणी भरतो.

ग्रुपवर काय मिळत नाही? त्याच्या स्वतःच्या बागेचा हिशेब. पाच बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एकरी १७४२ झाडं बसतात. दोन एकरांत साडेतीन हजारांच्या घरात. लागवडीची तारीख, रोपांचा खर्च, ठिबकमधून सोडलेलं खत, मजुरी, करप्याची फवारणी, व्हायरसने उपटून टाकलेली झाडं, हे सगळं अकरा-बारा महिने ॲपमध्ये जमत राहतं. कटाई झाली की घड किती गेले, वजन किती भरलं, व्यापाऱ्याने कपात किती धरली आणि घडामागे खर्च किती आला, हा ताळेबंद दुसरं कोणी काढून देत नाही. पैसे त्याचेच मागा.

त्यामुळे विभागणी अशी करा. एक बाग, तिच्या सगळ्या नोंदी, साधं वेळापत्रक आणि भाव मोफत. दुसरी बाग, घडामागे खर्च, मागच्या वर्षाशी तुलना, व्यापारीनिहाय हिशेबाची पीडीएफ एवढं वर्गणीत. पहिल्या कटाईचा हिशेब मात्र पूर्ण दाखवा, तोही मोफत. आकडा धूसर करून ‘बघायचा असेल तर पैसे भरा’ ही युक्ती बरेच ॲपवाले करतात. शेतकऱ्याच्या स्वतःच्या पैशाचा आकडा त्याच्यापासूनच झाकला की त्याला राग येतो, आणि तो रास्तच आहे. एकदा पूर्ण हिशेब बघितलेला माणूस पुढच्या कटाईला तो मागतो.

त्याने लिहिलेली नोंद कधीही कुलपात टाकू नका. वर्गणी संपली तरी जुन्या नोंदी दिसल्या पाहिजेत आणि एक्सेलमध्ये उतरवून घेता आल्या पाहिजेत. वही अडकवून ठेवतात अशी शंका एकदा आली की माणूस नोंदी करणंच सोडतो, आणि नोंदी नसतील तर तुमच्याकडे विकायला काहीच उरत नाही.

पैसे कधी मागायचे? पहिल्यांदा ॲप उघडल्यावर नाही. मृगबागेची लागवड जून-जुलैत, कांदेबागेची ऑक्टोबरच्या सुमारास. जूनमध्ये आलेला माणूस ऑक्टोबरात दुसरी बाग जोडायला ‘+’ दाबतो, ती पहिली योग्य वेळ. पहिल्या कटाईचा हिशेब बघून झाला, ती दुसरी. नोंद चालू असताना मध्येच पान आणू नका. भर उन्हात, केळीच्या चिकाने माखलेल्या बोटाने माणूस घड मोजून आकडा टाकतोय आणि वर ‘प्रीमियम घ्या’ येतंय; तो ते पान बंद करताना नोंदही घालवून बसतो. एकदा ‘आत्ता नको’ म्हटलं की निदान आठवडाभर तेच पान पुन्हा दाखवू नका.

प्रश्न: महिन्याला ४९ ठेवावेत की वर्षाला ३९९? महिन्याचे जास्त होतात ना? (शहादा)

कागदावर जास्त होतात: ४९ गुणिले १२ म्हणजे ५८८. पण दर महिन्याला थोडे लोक गळतात. हिशेबाला सोपं म्हणून समजा, दरमहा शंभरातले नव्वद टिकतात. अकरा नूतनीकरणांनंतर शंभरातले ३१ उरतात. वर्षभरात सरासरी एका माणसाकडून ७.२ हप्ते येतात, म्हणजे साधारण ३५२ रुपये. वर्षाचे ३९९ एकदम आले तर त्याहून जास्त. तुमची गळती दहाऐवजी पाच टक्के असेल तर सरासरी नऊ हप्ते, म्हणजे ४५० च्या आसपास येतात आणि गणित उलटतं. म्हणून आधी तीन महिन्यांची स्वतःची गळती मोजा, मग ठरवा.

गळतीतला मोठा भाग नावडीचा नसतो, खात्यात पैसे नसल्याचा असतो. यूपीआय ऑटोपेचा हप्ता जायचा त्या दिवशी शिल्लक नसली की झालं. भुसावळचा रेल्वे कर्मचारी, दीपनगरच्या वीज केंद्रातला किंवा वरणगावच्या आयुध निर्माणीतला माणूस, यांना पगार दरमहा ठरल्या तारखेच्या आगेमागे मिळतो. त्यांना महिन्याची योजना चालते. कापूसवाल्याकडे पैसा दिवाळीनंतर येतो, केळीवाल्याकडे कटाईला. त्यांना दरमहाचा हप्ता नकोच. सहा महिने किंवा वर्षाचं प्रीपेड द्या. गूगल प्लेवर अशी योजना करता येते: आपोआप काही कापलं जात नाही, मुदत संपली की माणूस स्वतः भरतो. मोबाइलच्या रिचार्जसारखं, समजावून सांगावं लागत नाही. वर्ष संपायची तारीख मात्र आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास येऊ देऊ नका. सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा, नवा करार, मग बियाणं, मग खत. ते पैसे बाहेर जायचे दिवस. मुदत दिवाळी-पौषात संपेल अशी सुरुवातीची सवलत आखा.

हातात काय येतं तेही बघून ठेवा. समजा, किंमत ४९९ ठेवली. जीएसटीची नोंदणी असेल तर १८ टक्के कर आत धरलेल्या ४९९ ची मूळ किंमत ४२२.८८ होते. वर्गणीवर प्लेचं सेवाशुल्क १५ टक्के. तुमच्याकडे साधारण ३५० ते ३६० उरतात. किंमत ठरवताना ४९९ नाही, ३५० डोळ्यासमोर ठेवा. ओटीपीचे एसएमएस, सर्व्हर आणि फोन उचलणारा माणूस यांचा खर्च त्यातूनच निघायचा आहे.

प्रश्न: दुकानदारांसाठी उधारीच्या वहीचं ॲप आहे. गिऱ्हाईक वर्गणी भरतं, खात्यातून पैसे जातात, पण ॲप उघडत नाही. काहींचे पैसे तीन दिवसांनी आपोआप परत गेले. बँकेचा दोष आहे का? (धुळे)

बँकेचा नाही, तुमच्या कोडचा आहे. ‘तीन दिवस’ हा आकडाच ते सांगतो. प्लेवर खरेदी झाली की ती पोहोचल्याची पावती गूगलला द्यावी लागते, तिला ‘ॲकनॉलेज’ करणं म्हणतात. तीन दिवसांत ती गेली नाही की गूगल पैसे परत करतं आणि वर्गणीतल्या सोयी वापरायचा हक्कही काढून घेतं. (आठवड्याहून कमी मुदतीच्या प्रीपेड योजनेला तर मुदतीच्या निम्माच वेळ मिळतो.)

पावती का जात नाही? दुकानदाराच्या फोनमध्ये दोन-तीन जीबी रॅम. पैसे भरायला तो तुमच्या ॲपमधून यूपीआयच्या ॲपमध्ये जातो. जागा कमी पडते म्हणून फोन तुमचं ॲप मागच्या मागे बंद करून टाकतो. पैसे जातात, तो परत येतो, तुमचं ॲप नव्याने सुरू होतं आणि ‘खरेदी झाली’ हा निरोप ऐकायला तिथे कोणी नसतं. तुम्ही पावती त्या निरोपावरच बांधली असेल, तर ती कधीच जात नाही.

उपाय असा. ॲप सुरू होताना आणि पुन्हा समोर येताना, दोन्ही वेळा प्लेकडून चालू खरेद्यांची यादी मागवा. गूगलच्या बिलिंग लायब्ररीत (पैसे घेण्यासाठीच्या तयार कोडमध्ये) त्यासाठी ‘क्वेरी परचेसेस’ आहे. यादीत जे मिळेल त्याचा टोकन, म्हणजे त्या खरेदीची सांकेतिक खूण, सर्व्हरवर पाठवा. सर्व्हरने तो गूगलकडून तपासून घ्यावा, तुमच्या नोंदीत हक्क चढवावा आणि मगच पावती द्यावी. हक्क चढवण्याआधी पावती दिलीत आणि मध्येच सर्व्हर पडला, तर पैसे तुमच्याकडे आणि कुलूप त्याच्याकडे, असं होतं. शिवाय गूगलकडून येणाऱ्या थेट सूचना सर्व्हरवर घ्या. नूतनीकरण, रद्द होणं, हप्ता अडकणं हे ॲप बंद असतानाही कळलं पाहिजे.

काही खरेद्या ‘पेंडिंग’ अवस्थेत येतात. त्यांना पावती द्यायची नाही आणि कुलूपही उघडायचं नाही. पण गप्पही बसायचं नाही. ‘पेमेंटची खात्री यायची आहे. पुन्हा पैसे भरू नका. खात्री झाली की योजना आपोआप सुरू होईल’ एवढं ठळक लिहा. हे न लिहिल्याने माणूस दुसऱ्यांदा भरायला जातो, आणि मग दोन दिवस तुमचा फोन वाजत राहतो.

तिसरी गोष्ट कोडमध्ये सापडत नाही, दुकानात उभं राहिलं की सापडते. खरेदी चिकटते ती गूगल खात्याला आणि दुकानदार तुमच्याकडे येतो मोबाइल नंबरने. फोन भाच्याने सुरू करून दिलेला, जीमेलही भाच्याचा. फोन बदलला, नवीन जीमेल पडला, की प्ले म्हणतं खरेदी नाही. म्हणून खरेदी सुरू करतानाच तुमच्याकडचा खातेक्रमांक, उघडा नंबर नव्हे, सांकेतिक रूपात खरेदीला जोडून पाठवा आणि हक्क सर्व्हरवर मोबाइल नंबरच्या खात्याला चढवा. मग जीमेल कोणाचाही असो.

हप्ता अडकला तर लगेच कुलूप लावू नका. प्लेच्या ‘ग्रेस’ मुदतीत, म्हणजे हप्ता भरायला मिळणाऱ्या वाढीव दिवसांत, ॲप चालूच ठेवायचं असतं, फक्त वर एक पट्टी दाखवा. ती संपून ‘होल्ड’ लागला, म्हणजे वर्गणी थांबवली गेली, की कुलूप, आणि पैसे आले की त्याच क्षणी उघडा. चाचणीसाठी वर्षभर थांबावं लागत नाही. प्लेवर चाचणीसाठी नोंदवलेल्या खात्यावर महिन्याची वर्गणी पाच मिनिटांत आणि वर्षाची तीस मिनिटांत नूतन होते. एका दुपारी सगळे प्रसंग घडवून बघता येतात. तेवढं करा, आणि नवीन भारी फोनवर नाही, दुकानदाराकडे असतो तसल्या फोनवर करा.

प्रश्न: पोलीस भरतीच्या सराव चाचण्यांचं ॲप आहे. ‘सात दिवस मोफत, नंतर आपोआप ९९ रुपये’ ठेवावं की काही चाचण्या मोफत ठेवाव्यात? दोन्ही करून बघितलं तर? (अमळनेर)

दिवस मोजू नका, चाचण्या मोजा. मुलं सोमवारी ॲप घेतात आणि रविवारी अभ्यासिकेत बसून उघडतात. तोवर तुमचे सात दिवस गेलेले. सहज तीन पूर्ण चाचण्या मोफत द्या. लेखी परीक्षा १०० गुणांची, वेळ ९० मिनिटं, तशाच्या तशा. गुणही मोफत दाखवा. वर्गणीत ठेवा ते पुढचं: गणितात २५ पैकी ९ आलेत, त्यातले सहा प्रश्न काळ-काम-वेगाचे चुकलेत, आणि चुकलेल्याच प्रश्नांची नवी चाचणी तयार आहे. हे पान तिसऱ्या चाचणीनंतर, निकालाच्या खाली आणा. त्या वेळी मुलगा स्वतःच्या चुका बघत बसलेला असतो. पेपर सुरू करतानाच पैसे मागितले तर तो दुसरं ॲप उघडतो. भरतीच्या ॲपना तोटा नाही.

आपोआप कापणारी मोफत मुदत विद्यार्थ्यांसाठी आम्हाला पटत नाही. खातं बऱ्याचदा वडिलांचं असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येक आवर्ती कपातीच्या निदान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते. घरी तो संदेश वाचला गेला की पहिला फोन मुलाला आणि दुसरा तुम्हाला. तरी ठेवायचीच असेल तर कपातीची तारीख आणि रक्कम पहिल्याच पानावर लिहा आणि दोन दिवस आधी स्वतःहूनही कळवा.

दोन्ही करून तुलना करायला माणसं किती आहेत? शंभरातले तीन पैसे भरतात की चार, हा फरक भरवशाने ओळखायला प्रत्येक गटात सुमारे ५,३०० जण लागतात. दोनावरून चारावर गेलेला फरक ओळखायलाही १,१४० च्या आसपास. तुमच्याकडे आठशे असतील तर तुलनेचा खटाटोप सोडा. पैसे न भरलेल्या पंधरा जणांना फोन लावा आणि ‘कुठे थांबलात?’ एवढंच विचारा.

प्रश्न: पैसे मागणारं पान बंद करायची फुली बारीक आणि फिकट ठेवा, दहा मिनिटांचं घड्याळ लावा, असं भागीदार म्हणतात. विक्री वाढते म्हणे. करावं का? (भुसावळ)

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी (ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविरोधी) मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली आहेत. त्यांत तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत. दर वेळी नव्याने दहा मिनिटांपासून सुरू होणारं घड्याळ ही खोटी घाई. फिकट फुली हा मांडणीतला हस्तक्षेप. ‘नाही, मला नुकसान चालेल’ असं नकाराचं बटण म्हणजे लाजवून घेतलेला होकार. वर्गणी घेणं एका टिचकीत आणि बंद करणं सात पानांआड, हा वर्गणीचा सापळा. पुन्हापुन्हा तेच विचारणं हेही त्या यादीत आहे. भागीदारांना यादीच वाचायला द्या.

कायदा बाजूला ठेवला तरी भुसावळ-जळगाव हा पट्टा तोंडी शिफारशीवर चालतो. फसून भरलेला एक गिऱ्हाईक दहा जणांना सांगतो.

पान असं लिहा: ‘वार्षिक योजना. ३९९ रुपये, सर्व करांसह. मुदत आजपासून एक वर्ष. आपोआप नूतनीकरण होईल. सेटिंगमधून केव्हाही बंद करता येईल.’ खाली एकाच मापाची दोन बटणं: ‘३९९ भरा’ आणि ‘आत्ता नको’. बटणावर रक्कम लिहा. ‘पुढे जा’ लिहिलं की लोकांना वाटतं अजून एखादं पान आहे, आणि पैसे कापले गेले की ते दचकतात. वर्गणी बंद करायची सोय मुख्य सेटिंगमध्ये ठेवा आणि तिथेच लिहा की ॲप फोनमधून काढून टाकल्याने वर्गणी बंद होत नाही. ही एक ओळ बऱ्याच तक्रारी वाचवते.

प्रश्न: नोटिफिकेशन अहिराणीत पाठवली तर लोक वर्गणी जास्त भरतील का? (चाळीसगाव)

उघडतील जास्त, भरतील असं नाही. ‘तुमना हिशेब तयार शे’ असं आलं की माणूस हसून बघतो, तेवढ्यापुरतं जरूर वापरा. पण अहिराणी धुळ्याकडची वेगळी, चोपड्याकडची वेगळी, आणि रावेर-यावलकडे लेवा गणबोली सुरू होते. सगळीकडे एकच वाक्य पाठवलं तर कुठेतरी ते खोटं वाटणारच. म्हणून नमस्कार आणि आठवण अहिराणीत ठेवा. रक्कम, तारीख आणि कपातीची ओळ साध्या मराठीत. पैशाच्या ओळीचे दोन अर्थ निघाले तर फोन तुम्हालाच येणार आहे.